प्रचारसभेतले परराष्ट्र धोरण मतदाराने कसे तपासावे?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत तमिळनाडूतील सर्व ३९ जागांसाठी १९ एप्रिलला मतदान होते. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ३१ मार्चला, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कच्चतीवू बेटाचा विषय काढला. पाल्कच्या सामुद्रधुनीतले हे बेट सुमारे २८५ एकरांचे. १९७४ साली इंदिरा गांधींच्या सरकारने श्रीलंकेशी केलेल्या करारानंतर ते श्रीलंकेच्या हद्दीत गेले. काँग्रेसने बेट बेफिकिरीने देऊन टाकले, असा पंतप्रधानांचा आरोप होता. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी पत्रकार परिषद घेऊन तमिळनाडूत तेव्हा सत्तेवर असलेल्या द्रमुकलाही त्यात ओढले. काँग्रेसने उलट सवाल केला की, २०१५ साली बांगलादेशाला गावे देणारा करार कोणी अमलात आणला? श्रीलंकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना मग सांगावे लागले की हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी मिटलेला आहे. मतदान झाले, द्रमुक आघाडीने ३९च्या ३९ जागा जिंकल्या आणि बेटाची चर्चा ओसरली. रामेश्वरमच्या मच्छीमारांच्या अटका मात्र थांबल्या नाहीत.

रस्ता झाला की नाही, नळाला पाणी येते की नाही, हे मतदाराला डोळ्यांनी दिसते. सीमा, करार, अणुभट्टी किंवा निर्यातबंदी यांबद्दल सभेत जे सांगितले जाते ते पडताळायला समोर काहीच नसते. म्हणूनच या विषयावर पक्ष सर्वांत मोकळेपणाने बोलतात, आणि सर्वांत सहज भूमिका बदलतात. हे कोणा एका पक्षाचे वैशिष्ट्य नाही. पुढील उदाहरणांत जवळजवळ सगळेच भेटतील. पडताळणी अवघड असली तरी अशक्य नाही. लागणारी बहुतेक कागदपत्रे सार्वजनिक आहेत. आठ पायऱ्यांत हे काम कोणालाही करता येते.

पायरी १ : एकच मुद्दा निवडा, आणि तो आपल्या भागाशी जोडलेला असू द्या

संपूर्ण परराष्ट्र धोरण तपासायला निघालात तर पहिल्याच आठवड्यात दमाल. ज्याचा तुमच्या जिल्ह्यावर परिणाम होतो असा एक मुद्दा घ्या. नाशिक, अहिल्यानगर, पुण्याच्या ग्रामीण भागात राहत असाल तर कांदा निर्यात घ्या. कांद्याची निर्यात बंद झाली की ढाक्यात आणि कोलंबोत भाव चढतात, त्यामुळे तो शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांचाही विषय आहे. रत्नागिरीत असाल तर जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आहे, जो फ्रान्सशी झालेल्या कराराचा भाग आहे. पालघर, डहाणूच्या किनाऱ्यावर असाल तर पाकिस्तानच्या तुरुंगात अडकणाऱ्या मच्छीमारांचा प्रश्न आहे. २००८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांकडच्या कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या देतात. त्यांतील आकडे परराष्ट्र मंत्रालय प्रसिद्ध करते. उमेदवाराचे भाषण त्या आकड्यांशी ताडून पाहता येते.

पायरी २ : विधान जसेच्या तसे टिपून ठेवा

एक वही घ्या आणि सात रकाने आखा : तारीख, ठिकाण, भाषा, बोलणारी व्यक्ती, तिचे पद, नेमके शब्द आणि ते कुठे मिळाले. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. ‘अमुक नेते म्हणाले की आम्ही करार मोडू’ असे कोणी सांगितले, तर ते मूळ भाषणात सापडेपर्यंत वहीत लिहू नका. ‘मोडू’ आणि ‘फेरविचार करू’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बातमीच्या मथळ्यात तो बऱ्याचदा पुसला जातो.

मोबाइलवर फिरणाऱ्या वीस सेकंदांच्या चित्रफितीवर विश्वास ठेवू नका. पूर्ण भाषण बहुधा पक्षाच्या किंवा नेत्याच्या अधिकृत वाहिनीवर असते. त्या वाक्याच्या आधीची आणि नंतरची पाच मिनिटे ऐका. जाहीरनामा मात्र पक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून स्वतःकडे ठेवा. निवडणूक संपल्यावर तो तिथे सापडेलच असे नाही.

पायरी ३ : बोलणाऱ्याचे वजन ठरवा

सगळी विधाने सारखी नसतात. त्यांची उतरंड अशी लावा : पंतप्रधान किंवा खात्याचा मंत्री, पक्षाचा जाहीरनामा, पक्षाध्यक्ष, अधिकृत प्रवक्ता, उमेदवार आणि शेवटी टीव्हीवरच्या चर्चेत येणारा समर्थक. जाहीरनामा आणि सर्वोच्च नेता यांच्यात तफावत असेल तर ती सर्वांत गंभीर समजा.

याचे नमुनेदार उदाहरण २०१४चे. भाजपचा जाहीरनामा ७ एप्रिलला प्रसिद्ध झाला. भारताच्या अण्वस्त्रविषयक धोरणाचा अभ्यास करून ते काळानुरूप बदलू, असे त्यात लिहिले होते. अण्वस्त्रांचा पहिला वापर भारत करणार नाही, ही वाजपेयी सरकारच्या काळापासूनची भूमिका सोडली जाणार का, अशी चर्चा देशात आणि देशाबाहेर सुरू झाली. काही दिवसांतच मोदींनी मुलाखतीत स्पष्ट केले की त्या भूमिकेत तडजोड नाही. एकाच प्रचारात लेखी एक आणि तोंडी दुसरे, अशी स्थिती झाली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी पोखरणला सांगितले की आजवर आपण ते धोरण पाळले आहे, पुढे काय होईल हे परिस्थितीवर अवलंबून राहील. ही तिन्ही विधाने तारखांसह एका पानावर लिहिली की धोरण कुठे आहे आणि संदिग्धता कुठे आहे, ते लगेच कळते.

मित्रपक्षांची नोंदही वेगळी ठेवा. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान फ्रान्सला गेले असताना जैतापूर प्रकल्पासाठी पुढचे करार झाले. त्या वेळी शिवसेना केंद्रात आणि राज्यात भाजपबरोबर सत्तेत होती आणि कोकणात याच प्रकल्पाला विरोध करत होती. स्थानिकांचा विरोध खरा होता, त्यांच्या चिंता रास्त होत्या. पण मंत्रिमंडळात बसणाऱ्या पक्षाला विचारायलाच हवे : दिल्लीतल्या बैठकीत तुम्ही हा विरोध नोंदवला का?

पायरी ४ : समोर कोण बसले होते ते पाहा

तेच वाक्य सिलिगुडीत, दिल्लीत आणि ढाक्यात वेगवेगळे होते. म्हणून वहीत ठिकाण आणि भाषा यांचे रकाने आहेत.

बांगलादेशाबाबत हे ठळकपणे दिसते. २७ एप्रिल २०१४ला पश्चिम बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत मोदी यांनी बांगलादेशी घुसखोरांनी १६ मेच्या मतमोजणीनंतर गाशा गुंडाळून ठेवावा, असे बजावले. सप्टेंबर २०१८ मध्ये अमित शहा यांनी राजस्थानात घुसखोरांना वाळवी म्हटले. दुसरीकडे ऑगस्ट २०१९ मध्ये ढाक्यात जयशंकर यांनी सांगितले की आसाममधील नागरिक नोंदणी (तिथले भारतीय नागरिक कोण हे ठरवणारी यादी) ही भारताची अंतर्गत बाब आहे. सभेतल्या श्रोत्याला वाटते की माणसे परत पाठवली जाणार. ढाक्यातल्या श्रोत्याला वाटते की आपला संबंध नाही. परत पाठवायचे तर समोरच्या देशाने स्वीकारावे लागते. या दोन विधानांपैकी सरकारचे धोरण कोणते, हा सरळ प्रश्न आहे, आणि तो सभेतच विचारला पाहिजे.

तृणमूल काँग्रेसलाही हीच कसोटी लावा. २०११ साली तिस्ता पाणीवाटपाचा करार तयार असताना मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी पंतप्रधानांबरोबरच्या ढाका दौऱ्यातून माघार घेतली आणि करार बारगळला. बंगालच्या शेतकऱ्याचे पाणी जपणे हे त्यांचे कामच होते. पण बांगलादेशाशी आपुलकीची भाषा करणाऱ्या पक्षाने तिस्तेवरचा स्वतःचा पर्याय कोणता, हे मतदाराला सांगायला हवे.

पायरी ५ : जुनी नोंद काढा, विशेषतः संसदेतली आणि न्यायालयातली

सभेत माणूस टाळ्यांसाठी बोलतो. संसदेत आणि न्यायालयात जे सांगितले जाते त्याची जबाबदारी घ्यावी लागते. म्हणून सभेतले विधान या दोन ठिकाणच्या नोंदींसमोर ठेवा. लोकसभा व राज्यसभेतील चर्चा आणि प्रश्नोत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर विषयाचा शब्द टाकून शोधता येतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करारांचा स्वतंत्र संग्रह आहे. परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीचे अहवाल तर फारच उपयोगी, कारण त्या समितीत वेगवेगळ्या पक्षांचे खासदार बसतात.

कच्चतीवूवर ही पायरी चढून पाहा. २०१३ साली काँग्रेसप्रणीत सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की भारताचा कोणताही प्रदेश दिलेलाच नाही, त्यामुळे बेट परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. २०१४ साली, मोदी सरकार आल्यानंतर, महान्यायवादींनी त्याच न्यायालयात सांगितले की बेट करारानुसार गेले आहे आणि परत हवे असेल तर युद्धच करावे लागेल. २०२४ साली त्याच सरकारचे प्रमुख प्रचारात तो विषय काढतात. बेट परत आणणार का, या प्रश्नावर परराष्ट्रमंत्री उत्तर देतात की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. द्रमुकची नोंदही तपासा. ऑगस्ट १९७४ मध्ये तमिळनाडू विधानसभेने कराराविरुद्ध ठराव केला. पण २०२४ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, करारापूर्वी तेव्हाचे द्रमुकचे मुख्यमंत्री करुणानिधी यांना कल्पना देण्यात आली होती. पुढे १९९९पासून बराच काळ द्रमुक केंद्रातल्या सत्तेचा भागीदार होता.

यातून मच्छीमाराच्या हाती काय आले? जयशंकर यांनी १ एप्रिल २०२४च्या त्या पत्रकार परिषदेत दिलेला आकडा असा : वीस वर्षांत ६,१८४ भारतीय मच्छीमार श्रीलंकेने पकडले आणि १,१७५ बोटी जप्त केल्या. १९७४च्या कराराने आपले मच्छीमार आणि यात्रेकरू यांना बेटावर जाण्याची मुभा ठेवली होती. १९७६च्या समझोत्याने एकमेकांच्या पाण्यात मासेमारीला मनाई झाली. खरा प्रश्न मासेमारीच्या हक्काचा आहे. बेटावर भांडणाऱ्या पक्षाला १९७६बद्दल विचारा, आणि उत्तर मिळते का पाहा.

पायरी ६ : हे करण्याचा अधिकार कोणाला, आणि मार्ग कोणता?

प्रत्येक आश्वासनाला हा प्रश्न लावा. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी करार हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत आहेत. त्यामुळे विधानसभेच्या किंवा महापालिकेच्या निवडणुकीत कोणी सीमेपलीकडचे आश्वासन देत असेल, तर त्या पदावरून ते पूर्ण होऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे बहुतेक करार केंद्र सरकार संसदेच्या पूर्वमंजुरीशिवाय करू शकते. भारताचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६० साली बेरुबारी प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून ‘जमीन दिली’ असा आरोप ऐकला की विचारा : घटनादुरुस्ती झाली होती का? बांगलादेशाच्या बाबतीत झाली, ती १००वी. कच्चतीवूच्या बाबतीत झाली नाही, कारण बेटाची मालकी ठरलेलीच नव्हती आणि आपण फक्त सीमारेषा आखली, अशी सरकारची बाजू होती. ती बाजू पटो वा न पटो, वाद नेमका कुठे आहे हे या एका प्रश्नातून समजते.

पायरी ७ : निर्णयाच्या तारखा आणि मतदानाच्या तारखा शेजारी लिहा

भाषणांइतकेच सरकारचे निर्णयही बोलतात. कांद्याच्या तारखा पाहा. २९ सप्टेंबर २०१९ला निर्यातबंदी झाली. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला होते. बंदी इतकी अचानक होती की दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी जाहीर कार्यक्रमात, आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे बोलून दाखवले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. लोकसभेचा प्रचार सुरू असताना ४ मे २०२४ला ती उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. नाशिक व दिंडोरीचे मतदान २० मेला होते. १३ सप्टेंबर २०२४ला किमान मूल्य हटले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले.

तारखा जवळ आल्या म्हणजे हेतू सिद्ध झाला, असे मानू नका. उत्पादन, साठा, शहरांतले भाव हीही कारणे असतात. पण ‘शेतकऱ्याला जगाची बाजारपेठ’ आणि ‘ग्राहकाला स्वस्त कांदा’ ही दोन्ही आश्वासने एकाच तोंडाने दिली जात असतील, तर दोन्हींचा संघर्ष झाल्यावर कोण जिंकले हे याच तारखा सांगतात.

परदेश दौऱ्यांनाही हीच पद्धत लावा. २७ मार्च २०२१ला पश्चिम बंगालमध्ये पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू होते, त्याच दिवशी पंतप्रधान बांगलादेशातील ओराकांदी येथील मतुआ समाजाच्या मंदिरात होते. बंगालमध्ये मतुआ मतदार मोठ्या संख्येने आहेत. तृणमूलने त्यावर आक्षेप घेतला होता.

पायरी ८ : बदलाचे कारण शोधा आणि मग निकाल द्या

आता वही उघडा आणि प्रत्येक विसंगतीपुढे चारपैकी एक शेरा लिहा.

पहिला : कारण सांगून केलेला बदल. परिस्थिती बदलली, नवी माहिती आली, आणि पक्षाने ते उघड सांगितले. हा दोष मानू नका.

दुसरा : कारण न सांगता केलेला बदल. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यसभेत बांगलादेश सीमा कराराचे विधेयक मांडले गेले तेव्हा भाजप, तृणमूल काँग्रेस आणि आसाम गण परिषद यांनी विरोध केला. मे २०१५ मध्ये भाजपच्याच सरकारने ते मांडले आणि लोकसभेत ते एकमताने मंजूर झाले. भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ छिटमहाल, म्हणजे एका देशाचे दुसऱ्याच्या हद्दीत अडकलेले भूभाग, यांची अदलाबदल झाली आणि सुमारे ५१ हजार माणसांना प्रथमच नागरिकत्वाची खात्री मिळाली. निर्णय चांगला होता, देशाच्या हिताचा होता. मग २०१३ साली विरोध कशासाठी होता? त्या विरोधाने त्या माणसांचे दीड वर्ष गेले, याचा हिशेब कोणीच दिला नाही.

तिसरा : सत्तेत एक आणि विरोधात दुसरे. अमेरिकेशी अणुकरार होण्याची वाट वाजपेयी सरकारच्या काळात, जानेवारी २००४च्या समझोत्याने, मोकळी होऊ लागली होती. त्याच करारावरून आलेल्या २२ जुलै २००८च्या विश्वासदर्शक ठरावात मात्र भाजपने मनमोहन सिंग सरकारविरुद्ध मतदान केले. सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले. जानेवारी २०१५ मध्ये मोदी सरकारनेच अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ओबामा यांच्याबरोबर तो करार पुढे नेला. डाव्या पक्षांनी याच करारावरून पाठिंबा काढला. त्यांच्याशी मतभेद असू शकतात, पण त्यांची भूमिका आधी आणि नंतर एकच राहिली, हेही नोंदवा.

चौथा : एकाच वेळी दोन श्रोत्यांना दोन गोष्टी. हा सर्वांत वाईट. यात पक्षाला दोन्ही ठिकाणी विश्वास मिळवायचा असतो आणि तो पाळायचा कुठेच नसतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

परदेशी नेत्यांच्या तोंडची वाक्ये प्रचारात आली की ती पुरावा म्हणून घेऊ नका. एप्रिल २०१९ मध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी भाजप जिंकल्यास चर्चेची शक्यता जास्त, असे म्हटले तेव्हा काँग्रेसने ते भाजपविरुद्ध वापरले. मे २०२४ मध्ये पाकिस्तानचे माजी मंत्री फवाद चौधरी यांनी राहुल गांधींचे कौतुक केले तेव्हा मोदींनी ते काँग्रेसविरुद्ध वापरले. दोन्ही वेळा भारताच्या धोरणाबद्दल मतदाराला काहीही कळले नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण. आपण ज्या पक्षाला मत देतो त्याची वही आधी भरा. आपल्या पक्षाचा बदल आपल्याला ‘परिपक्वता’ वाटतो आणि दुसऱ्याचा ‘घूमजाव’. एकच मोजपट्टी लावली नाही तर सगळी मेहनत वाया.

उमेदवाराला विचारायचे प्रश्न

सभा, कोपरा बैठक किंवा दारावर आलेला कार्यकर्ता, कुठेही हे विचारा :

• या मुद्द्यावर पक्षाची लेखी भूमिका कोणती, आणि ती जाहीरनाम्यात कुठे आहे?
• मागच्या वेळी तुमची भूमिका वेगळी होती. कधी आणि कशामुळे बदलली?
• संसदेत या विषयावर तुमच्या पक्षाने कसे मतदान केले?
• हे करायला घटनादुरुस्ती, समोरच्या देशाची संमती किंवा न्यायालयाचा निकाल लागेल का?
• तुमच्या मित्रपक्षाचे मत वेगळे आहे. सत्तेत आल्यावर कोणाचे चालेल?

निवडणुकीनंतर सरकारने काय केले हे कळत नसेल तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. साधारण तीस दिवसांत उत्तर यायला हवे. परराष्ट्र संबंधांना बाधा येणारी माहिती कलम ८ नुसार नाकारली जाऊ शकते, म्हणून गोपनीय चर्चा मागू नका. झालेला निर्णय, त्याची तारीख आणि प्रसिद्ध झालेली कागदपत्रे मागा.

या सगळ्याला वेळ लागतो, पण तो खर्च करण्यासारखा आहे. प्रचारातल्या बेफाम वाक्याची किंमत बोलणारा मोजत नाही. ती रामेश्वरमचा मच्छीमार मोजतो, लासलगावचा कांदा उत्पादक मोजतो आणि छिटमहालातला माणूस मोजत आला. भूमिका बदलणाऱ्या पक्षाला जरूर मत द्या, पण त्याच्याकडून कारण घेतल्याशिवाय देऊ नका. पुढच्या निवडणुकीची वाट पाहू नका. तुमच्या भागाचा एक मुद्दा निवडून वही आजच सुरू करा.